अकॅडमी, पंधराशे फूट

विमानांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा स्कॅनर मी घेतला तो मेलबर्नच्या बेंटली उपनगरातल्या एका आजोबांकडून. जाहिरातीतला फोटो धूसर होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, 'चालू आहे, एरियलसकट.' शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा आजोबा गॅरेजचं दार उघडून, आत खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मुलासाठी हवाय का?"

"नाही, मलाच हवाय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि दुसरी खुर्ची ओढली. पुढचा तासभर ते मला शिकवत होते. कुठलं बटण दाबायचं, मोराबिन विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरचा नंबर कसा लावायचा, खरखर बंद करायला कुठला खटका किती फिरवायचा. "फार फिरवलास तर आवाजही जाईल," ते म्हणाले. मी कुठे राहते ते विचारलं. ग्लेन वेव्हर्ली म्हटल्यावर मान हलवली. "मग तुला अर्धंच ऐकू येईल. विमानं वर असतात, ती लख्ख ऐकू येतील. टॉवर जमिनीवर आहे, त्याचं बोलणं तुझ्यापर्यंत धड पोचणार नाही. प्रश्न गाळून नुसती उत्तरं ऐकायची तयारी ठेव, लव्ह."

निघताना मी घाबरत घाबरत विचारलं, हे असं ऐकणं गुन्हा तर नाही ना? ते हसले. ऐकायला कुणाची ना नाही, म्हणाले. बोलता मात्र येणार नाही, ह्या डबड्याला तोंडच नाही.

कारण मी त्यांना सांगितलं नाही. माझी मुलगी मोराबिनला विमान शिकत होती आणि मला तिचा आवाज ऐकायचा होता.

ती आमची एकुलती एक. पुण्याहून मेलबर्नला आलो तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही ग्लेन वेव्हर्लीत घर शोधलं ते इथल्या शाळेसाठी, जसं सगळेच शोधतात. ती अभ्यासात हुशार निघाली, आणि मग आजूबाजूच्या सगळ्या घरांप्रमाणे आमच्याही घरात न बोलता ठरून गेलं की मेडिसिन, नाहीतर निदान इंजिनिअरिंग. बारावीचं वर्ष संपत आलं तेव्हा एकदा वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "आय वॉन्ट टू फ्लाय." मला वाटलं, कुठे फिरायला जायचं म्हणतेय. मी विचारलंसुद्धा, कधीचं तिकीट? नवऱ्याला आधी कळलं. तो पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "विचार केलायस?" ती म्हणाली, "दोन वर्षं."

दोन वर्षं! एकाच छपराखाली ती दोन वर्षं ह्याचा विचार करत होती आणि मी तिला रोज विचारत होते, डब्यात काय देऊ.

भांडण असं झालं नाही. आमच्या घरात कुणाला नीट भांडताही येत नाही. महिनाभर सगळे हळू आवाजात बोललो आणि मग हो म्हणालो. तिनं विमान शिकायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत विमानतळाजवळ चेल्टनहॅमला दोन मैत्रिणींबरोबर राहायला गेली. गाडीने फार लांब नाही. पण घर सोडून गेलेलं मूल जवळ गेलं काय नि लांब गेलं काय, त्याच्या खोलीत दुपारी सारखीच शांतता असते.

फोन केला की एक-दोन वाक्यांत उरकायची.

"आज काय केलंस गं?"

"सर्किट्स."

"म्हणजे काय?"

"गोल गोल, आई. वर जायचं, खाली यायचं."

लहानपणी ती अखंड बोलायची, आणि मराठीतच. मुंगी का चालते, चंद्र आपल्या गाडीच्या मागे का येतो. शाळेत जायला लागली तशी हळूहळू माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजी उत्तरं यायला लागली, आणि मग उत्तरंही लहान होत गेली. हे सगळ्यांच्या घरात होतं. पुण्याची माझी मैत्रीण सांगते की तिथेही होतं. तरी आपल्या घरात झालं की ते फक्त आपल्यालाच झाल्यासारखं वाटतं.

तर असा तो स्कॅनर घरी आला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच करते. वरच्या मजल्यावर, खिडकीशी माझं टेबल आहे. तिथे लॅपटॉपच्या शेजारी तो ठेवला आणि एरियल काचेला टेकवून उभी केली. पहिले काही दिवस मला एक अक्षर कळलं नाही. माणसं कुकरच्या शिट्टीसारखी एका दमात बोलून मोकळी व्हायची. मग कान तयार झाले. विमानाचं नाव म्हणजे तीन अक्षरं, हे कळलं. नऊला 'नाइन' म्हणत नाहीत, 'नाइनर' म्हणतात, हे कळलं. आणि टॉवरने सांगितलेली महत्त्वाची गोष्ट पायलटने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, म्हणजे ऐकलं हे नक्की होतं, हेही कळलं. म्हणूनच मला टॉवर ऐकू आला नाही तरी तो काय म्हणाला असेल ते उत्तरावरून समजायचं.

एका मंगळवारी मी कुणाची तरी चूक शोधत लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते आणि तिचा आवाज आला.

मी ओळखलाच नाही आधी. 'कोण गं ही शांत मुलगी' असं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं. तीच होती. ती आकडे सांगत होती, टॉवरचं म्हणणं परत म्हणून दाखवत होती, शब्दाला शब्द. घरी एक गोष्ट चारदा सांगितल्यावर "या, या, आय हर्ड यू" म्हणणारी माझी लेक! आवाजात घाई नाही, चिडचिड नाही. कुठेही 'अं' नाही. मी खुर्चीत ताठ बसून राहिले. मग तिचं बोलणं संपलं आणि दुसरा कुणी बोलायला लागला, तेव्हा त्या माणसाचा मला उगाच राग आला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याला आवडलं नाही. "हे चोरून ऐकणं झालं," तो म्हणाला. "तिला सांग तरी."

"सांगितलं की ती वेगळं बोलेल."

"तिथे कुणी वेगळं बोलत नसतं. ठरलेलंच बोलायचं असतं."

"मग सांगायचं तरी कशाला?"

 चार दिवसांनी तो कामावरून आला, बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज होती का?" आणि पुढे रोजच विचारायला लागला.

तिचं पहिलं एकटीनं उडणं मी असंच ऐकलं. तोपर्यंत त्या विमानातून दोन आवाज यायचे, तिचा आणि तिच्या शिक्षकाचा. कधी तो बोलायचा, कधी ती. त्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, एका कानात मीटिंग आणि दुसऱ्या कानात स्कॅनर. तिचा आवाज आला. मग पुन्हा तिचाच. उतरायची परवानगी परत म्हणून दाखवली तीही तिनेच. मग सगळं गप्प झालं. माझ्या साहेबांनी काहीतरी विचारलं, मी म्हटलं सॉरी, यू आर ब्रेकिंग अप. आणि बऱ्याच वेळाने खरखरीतून टॉवरचा अर्धवट शब्द आला, "कंग्रॅच्यु..." आणि तिचं "थँक यू" आलं.

ते 'थँक यू' रेडिओवरचं नव्हतं. शेवटी आवाज वर गेला होता. वाढदिवसाला फ्रॉकची पिशवी उघडल्यावर जायचा तसा.

मी मीटिंगमधला कॅमेरा बंद केला आणि रडले. मग नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिचा व्हिडिओ कॉल आला, केस भिजून वाळलेले, विस्कटलेले. तिथे पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याला बादलीभर पाण्यानं भिजवतात म्हणे.

"आई, गेस व्हॉट!"

"काय गं?"

"आज एकटी गेले मी. सोलो!"

"अय्या! खरंच?" मी दोन्ही हात गालांवर नेले. नवरा माझ्या शेजारी बसून माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला त्याच्या पायाला चिमटा काढावा लागला.

असे महिने गेले. मला तिचं सगळं कळत होतं आणि तिनं सांगेपर्यंत मी थांबायची. कधी कधी ती सांगायचीच नाही. एका दुपारी उत्तरेकडून जोराचं वारं सुटलं होतं, अंगणातल्या कपड्यांच्या दोऱ्या वाजत होत्या, आणि मेलबर्नमध्ये होतं तसं पाच मिनिटांत वारं फिरलं. रेडिओवर सगळ्यांची बोलणी तुटक व्हायला लागली. तिनं उतरता उतरता "गोइंग अराउंड" म्हटलं, म्हणजे उतरायचं सोडून पुन्हा वर गेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी खिडकीत उभी होते, नखं तोंडात. तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही, म्हणजे उतरली असणार. मग बऱ्याच वेळाने, अगदी दबलेला, 'टॅक्सी' असा एक शब्द ऐकू आला, म्हणजे विमान आता जमिनीवरून चालत होतं, आणि मी खाली बसले. अर्ध्या तासाने न राहवून फोन केला.

"जेवलीस का?"

"आई, तीन वाजलेत."

"बरं. असंच विचारलं."

"यू ओके?"

"मी ओकेच आहे."

तिनं त्या वाऱ्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. मीही माझ्या आईला, परदेशात नवीन आले तेव्हाचं बरंच काही कधी सांगितलं नाही. आईला कुठून ऐकू येणार होतं?

एका रविवारी ती जेवायला आली होती. माझ्या खोलीतला चार्जर आणायला वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी उलटली आणि लक्षात आलं. गॅस बंद करून वर गेले तर ती माझ्या खुर्चीत बसली होती. स्कॅनर चालू होता, कुणीतरी परका मुलगा उतरायची परवानगी मागत होता.

"हे काय आहे, आई?"

मी काहीतरी सांगणार होते. पण पडद्यावर मोराबिनच्या टॉवरचा नंबर होता, आणि तो तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

"हाऊ लाँग?"

"सुरुवातीपासून."

तिला हसू आलं, मग ते गेलं. "म्हणजे सोलो... यू न्यू?"

"हो."

"आणि तू 'अय्या' केलंस!"

"मला खरंच आनंद झाला होता गं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग मराठीत म्हणाली, शब्द शोधत शोधत, "मला तुला सांगायचं होतं. मला पहिल्यांदा... मी दिवसभर थांबले होते. बाबा घरी येईपर्यंत थांबले, दोघांना एकत्र सांगायचं म्हणून."

माझ्या हाताला पीठ होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवणार होते, ते राहिलं. मी म्हटलं, "उद्यापासून बंद करते."

 ती उठली, चार्जर घेतला. "नको. ऐक. बट डोन्ट टेल मी व्हॉट यू हर्ड. कधीच. मी सांगितलं तर सांगितलं."

"बरं."

"आणि वारं असलं की जेवलीस का विचारायचं नाही."

म्हणजे तिला तेही कळलं होतं. खाली येऊन ती तीन पोळ्या जेवली.

त्यानंतरची एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल आम्ही तिघं एकत्र कधीच बोललो नाही. मोराबिनला पूर्वेकडून येणाऱ्या छोट्या विमानांनी एका ठरलेल्या खुणेवर येऊन टॉवरला 'मी इथे आहे' असं कळवायचं असतं. ती खूण म्हणजे आमच्याच भागातली, टेकडीवरची पोलिसांच्या प्रशिक्षणाची जुनी इमारत, तिचा उंच मनोरा. पायलट तिला नुसतं 'अकॅडमी' म्हणतात. आमच्या घरापासून ती इतकी जवळ आहे की संध्याकाळी मी तिच्या बाजूने फिरायला जाते. तोपर्यंत लेकीचा तिथून येतानाचा आवाज मी क्वचितच ऐकला होता, कारण शिकणाऱ्यांची उडण्याची जागा दक्षिणेला, तिकडूनच ती परत यायची.

त्या रविवारनंतरच्या गुरुवारी तिचा आवाज आला. "अकॅडमी, वन थाउजंड फाइव्ह हंड्रेड, इनबाउंड." मी स्कॅनर उचलून तशीच जिना उतरले, मागच्या अंगणात गेले. लिंबाच्या झाडावरून एक छोटं पांढरं विमान येत होतं. पंधराशे फूट म्हणजे फार वर नाही. चाकं दिसत होती. माझ्या हातात तिचा आवाज होता आणि डोक्यावर ती होती. मी हात वर केला. शेजारच्या बाई कुंपणापलीकडे गुलाब छाटत होत्या, त्यांनाच हात केला असं वाटून त्यांनीही हात केला.

मग ती वरचेवर अकॅडमीवरून यायला लागली. नवऱ्याने एकदा नकाशा उघडून बघितला. "हे वाकडी वाट करून येणं आहे," तो म्हणाला. "पूर्वेकडून यायचं तिला काही कारण नाही."

"असेल काहीतरी त्यांचं शिकण्यातलं."

"असेल," तो म्हणाला. आणि शनिवारी ती उडणार असली की तो अंगणात काहीतरी काम काढायचा.

शिक्षण संपलं. लायसन्स मिळालं. इथे नव्या पायलटला शहरात कुणी विचारत नाही, सगळ्यांना आधी उत्तरेला जावं लागतं, जिथे रस्ते थोडे आणि अंतरं फार. तिला तिकडच्या कुनुनुरा नावाच्या गावात काम मिळालं, पर्यटकांना डोंगर आणि तलाव वरून दाखवायचं, कधी दूरच्या वस्त्यांवर माणसं आणि सामान पोचवायचं. ती मैत्रिणीबरोबर गाडीनेच गेली, आख्खा देश उभा कापत. मागच्या सीटवर मी दिलेली गादी, कुकर आणि भाजणीचे दोन डबे.

ती गेल्यावर मी स्कॅनर बंद करून ठेवायला हवा होता. नाही ठेवला. सवयीनं सकाळी खटका फिरवायची. वर नवी मुलं होती, नवे आवाज. त्यात एक मुलगी आपल्याकडची होती, नागपूरकडची असावी, तिच्या इंग्रजीतून मराठी स्वच्छ ऐकू यायचं. पहिल्या दिवसांत ती अडखळायची, अर्धंच परत म्हणायची, टॉवर पुन्हा विचारत असावा, कारण ती पुन्हा सांगायची, अजून घाबरून. मी कामं सोडून तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसायची. तिची आई कुठेतरी लांब होती आणि तिच्याकडे खिडकी नव्हती.

माझ्या मुलीकडचं काही मला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. हजारो किलोमीटर! नवऱ्याने फोनवर ते विमानं दाखवणारं ॲप घेतलं होतं. त्यावर तिचं विमान निघताना दिसायचं आणि जरा पुढे गेलं की पुसून जायचं. "इथपर्यंत दिसली," असं म्हणून तो फोन माझ्यासमोर धरायचा. त्या पिवळसर, रिकाम्या नकाशाकडे आम्ही दोघं बघत बसायचो, जेवण गार होईपर्यंत.

जुलैत मी गेले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. डार्विनला विमान बदलून दुपारी कुनुनुराला उतरले. पर्समध्ये कढीपत्त्याच्या काड्या होत्या, त्या विमानतळावरच्या पेटीत टाकाव्या लागल्या, त्या राज्यात बाहेरची पानंफळं नेता येत नाहीत. ती घ्यायला आली होती, खाकी शॉर्ट्स, रुंद टोपी, दंड उन्हानं काळवंडलेले. मला मिठी मारली आणि सोडलीच नाही. मग गाडीत बसलो आणि ती बोलायला लागली. मराठीत.

मी गप्प बसून ऐकत होते. वाक्यं मोडकी होती. 'तो नदी' म्हणाली, 'मी शिकले' म्हणायच्या जागी 'मी शिकली' म्हणाली. पण थांबत नव्हती. ते बघ, ती पोट सुटलेली झाडं, आपल्याकडे काय म्हणतात? गोरखचिंच, मी म्हटलं. गोरखचिंच, ती म्हणाली, पुन्हा म्हणाली. तिथे मराठी बोलायला कुणीच नव्हतं. महिनोन् महिने फोनवरच्या दोन वाक्यांपलीकडे ती मराठी बोलली नव्हती, आणि सगळं तुंबलेलं होतं. एकही चूक मी दुरुस्त केली नाही.

ती चार पायलट मुलांबरोबर एका पत्र्याच्या घरात राहत होती. तिनं मला तिचा पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर झोपली. पहाटे ती निघून जायची, पर्यटकांना सूर्योदय दाखवायला. ऊन वर आलं की मी टोपी घालून, पाण्याची बाटली आणि स्कॅनर घेऊन विमानतळाच्या कुंपणापाशी जाऊन बसायची. तिथे एक बाक होता, सावलीत.

तिथे टॉवर नाही. परवानगी द्यायला कुणी नाही. तिथे पायलट सगळ्यांनाच सांगतो, मी अमुक आहे, इथे आहे, असं करणार आहे. आधी गावाचं नाव घेऊन, शेवटी पुन्हा गावाचं नाव घेऊन. पहिल्या दिवशी मी तिचा आवाज ऐकला. "कुनुनुरा ट्रॅफिक," मग विमानाचं नाव, किती मैलांवर, किती फुटांवर, किती वाजता पोचणार, आणि मग "कुनुनुरा." उत्तर आलं नाही. मोराबिनलाही मला टॉवरची उत्तरं ऐकू यायची नाहीत, पण तिथे उत्तरं होती तरी. इथे नव्हतीच. आकाशात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, आणखी जवळून. पुन्हा उतरताना. दर वेळी तेवढ्याच शांतपणे, तेवढंच स्पष्ट.

रात्री थालीपीठं लावताना मी विचारलं. आमचा नियम मोडत होते, हे लक्षात होतं. "कुणी उत्तरच देत नाही. मग तू बोलतेस कुणाशी?"

ती चिडली नाही. थालीपीठाला मधे भोक पाडत होती. "जो असेल त्याच्याशी. नसला कोणी तरी बोलायचं, आई. तुला माहीत नसतं ना, कोण आहे."

"मी होते," मी म्हटलं.

"आय नो," ती म्हणाली. "कुंपणाशी लाल टोपी दिसते वरून."

आठवडा कसा गेला कळलं नाही. निघायच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही, मोसम भरात होता. सकाळी कामावर जाताना तिनं मला झोपेतून उठवलं, पाया पडली, जे तिनं मेलबर्नमध्ये कधी केलं नव्हतं, आणि धावत गेली. तिच्या घरातल्या एका मुलानं मला दुपारी विमानतळावर सोडलं.

विमानात मला मधली जागा मिळाली होती. स्कॅनर पर्समध्ये, बंद. विमान निघालं, धावपट्टीच्या तोंडाशी गेलं आणि थांबलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं घड्याळ पाहिलं. मग कॅप्टनचा आवाज आला, की एक छोटं विमान उतरतंय, त्याला जाऊ द्यायला आपण दोन मिनिटं थांबतोय.

मला एकदम उठावंसं वाटलं. पट्टा बांधलेला होता. खिडकीशी एक बाई मासिक वाचत होत्या. मी त्यांच्या अंगावरून वाकले, सॉरी म्हटलं, त्यांनी मासिक बाजूला घेतलं. बाहेर पंख दिसत होता आणि पंखाखाली पिवळं गवत. उतरणारं विमान त्या बाजूला नव्हतं. दुसऱ्या बाजूला होतं. मी मान वळवली तर तिकडच्या खिडकीत लोकांची डोकी आणि त्यामधून काहीतरी पांढरं, जमिनीलगत, एका क्षणात पुढे गेलेलं. नीट दिसलंच नाही. आमच्या विमानाचा आवाज वाढला आणि आम्ही वर गेलो.

डार्विनला फोन चालू केला तर तिचा मेसेज होता. 'ते मीच होते. तुझ्या पायलटशी बोलले.' पुढे एक हसरा चेहरा.

ती बोलली होती, आणि ज्या विमानाशी बोलली त्यात मी बसले होते. त्यानं तिला उत्तरही दिलं असणार. सगळं माझ्यापासून वीस पावलांवर, एका दाराआड झालं होतं.

मी लिहिलं, 'काय म्हणालीस त्याला?'

बराच वेळ उत्तर आलं नाही. मेलबर्नच्या विमानाला अवकाश होता. मी चहा घेतला, पाणचट. मग फोन वाजला. तिनं सगळं लिहून पाठवलं होतं, जसं बोलली तसं. गावाचं नाव, तिच्या विमानाची तीन अक्षरं, किती मैल, किती फूट, पुन्हा गावाचं नाव. खाली त्याचं उत्तर, एका ओळीत, की आम्ही थांबतो, तू उतर. आणि त्याखाली तिचं 'थँक यू'.

मी ते ओठ हलवत वाचलं. मग तिथल्या खुर्चीत, लोकांमध्ये, जरा मोठ्यानं.